पाच थांबे

सुलाबाईचा फोन आला तेव्हा नानासो डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळ्या धुवत होता. दुपारचे पावणेचार झाले असतील. या वेळेला तिचा फोन कधी येत नसे. या वेळेला ती गाडीत असायची.

ती चेन्नईला होती. आटपाडीकडची माणसं अजून मद्रासच म्हणतात. नानासोचा मुलगा विश्वजित तिथं गलाईचं दुकान चालवत होता. म्हणजे सोनारांकडचं जुनं, मोडीचं सोनं घ्यायचं, भट्टीत आटवायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं. या भागातल्या कितीतरी घरांतली पोरं याच कामापायी देशभर पांगली आहेत. विश्वजितची बायको माया सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यानं तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीतल्या लेकीसाठी मायाला दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यावं लागे, म्हणून तिचाही मुक्काम तिथंच. पण तिथलं जेवण तिच्या अंगी लागेना, दूध आटत चाललं. तेव्हा सुलाबाईनं बोचकं बांधलं. बाजरीचं पीठ, हुलगे, अळीव असं सगळं घेऊन ती गेली. नानासोला बायकोला एकटीला पाठवायचं जिवावर आलं होतं. पण तिच्यापुढं तो कधी बोलला होता की आज बोलेल?

सकाळचा डबा विश्वजित द्यायचा. दुपारचा सुलाबाई न्यायची, एकटी, लोकलनं. तिला अक्षरओळख नव्हती. स्टेशनांची नावं विश्वजितनं पाठ करून घ्यायचा प्रयत्न केला, पण ती तिच्या जिभेवर बसेनात. मग तिनंच तोड काढली. थांबे मोजायचे. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. आटपाडीपासून पाटणच्या डोंगरापर्यंतची वाट तिला कधी मैलांत ठाऊक नव्हती. ती नऊ मुक्कामांची वाट होती. मधे किती गावं मागं पडली याच्याशी कर्तव्य नाही, बिऱ्हाड कुठं कुठं उतरलं तेवढं मोजायचं. तसेच हे पाच थांबे. गाडी पाचव्यांदा थांबली की उतरायचं, पूल ओलांडला की दवाखाना. अठरा दिवस गेले, एकदाही चूक झाली नाही.

"आवं," ती फोनवर म्हणाली, "हितं दवाखाना न्हाई."

नानासोला आधी काही उमगेनाच. मग तिनं सगळं सांगितलं. रोजच्यासारखी गाडी आली, रोजच्यासारखी ती बसली. पाच थांबे नीट मोजले, बोटांवर मोजले. उतरली तर पूल नाही, पुलाखालची रोजची फुलवाली नाही, काहीच नाही. लांबवर मोकळं रान आणि पाण्याचं एक तळं. एका बाईला डबा दाखवला, दवाखाना दवाखाना म्हटलं, तर ती पलीकडच्या फलाटाकडं हात करून भराभरा काहीतरी बोलली आणि निघून गेली.

"मग बस की पलीकडच्या गाडीत," नानासो म्हणाला.

"ह्या गाडीनं फशिवलं, आन ती काय माझ्या म्हायेरची हाय व्हय? ती आनि कुटं न्हील. एकांदा थांबा जास्ती झाला आसंल माझा. त्यापरीस रूळ धरून चालत माघारी जाते. रूळ काय चुकत न्हाई."

नानासोनं क्षणभर विचार केला आणि त्याला ते पटलं. वाट चुकली की आल्या पावलानं मागं फिरावं, नव्या वाटेला लागू नये, हे त्याच्याही हाडात मुरलेलं होतं. आटपाडीला रेल्वे नाही. रूळ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं आली ती एक लांबलचक, सरळ, न चुकणारी पायवाट.

"बरं," तो म्हणाला. "ये सावकाश."

फोन बंद झाला. तो परत नळीकडं वळला. वाहत्या पाण्यात बोट धरून गाळ निघतोय का बघत राहिला. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. पुढं कितीतरी दिवस त्याला ती मिनिटं आठवली की अंगावर काटा यायचा, कारण त्या मिनिटांत तो निवांत होता.

शेजारच्या बांधावरून जोतिबा आला. तीस वर्षं मद्रासला भट्टी फुंकून दोन वर्षांपूर्वी गावी परतलेला, धुरानं छाती खराब झालेली, पण जीभ शाबूत. नानासो त्याच्यापासून जरा जपूनच असे. सुलाबाई गेली त्या दिवशी हा पाराजवळ सगळ्यांदेखत म्हणाला होता, "नाना, कारभारीण मद्रासला, आता तुला उठ-बस कोण सांगणार रं? फोनवर इच्चारून पानी पितुस का?" लोक हसले होते. नानासोही हसला होता.

आताही जोतिबानं तंबाखू मळता मळता सुरुवात केली, काय म्हणतेत वैनी, तमिळ शिकली का न्हाई. नानासोनं काय घडलं ते सांगितलं. त्यात घाबरण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं म्हणूनच सांगितलं.

जोतिबाचा अंगठा तळहातावर थांबला.

"रुळावरनं?"

"रुळाकडंनं म्हणली."

"आन तू व्हय म्हणलास?"

"म्हणलो."

जोतिबानं तंबाखू झटकून टाकली. तो हसला नाही, टोमणा मारला नाही. "नाना," तो हळू आवाजात म्हणाला, "तितं चार-चार रूळ हायती शेजारी शेजारी. दर आठ-दहा मिनटाला लोकल हाय. मधनं एक्सप्रेस जात्यात, त्या तर वाऱ्यागत. आमच्या गल्लीतली दोन मानसं गेली तितं. धडधाकट, तरणी."

नानासोनं खिशातून फोन काढला. ओल्या हातातून तो चिखलात पडला. पुसून लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला.

सुलाबाईचा फोन बटणाचा. तो ती कापडी पिशवीत घालून कनवटीला खोचायची. आणि तिचा डावा कान गेली सहा-सात वर्षं बंद होता. उजव्यानं भागायचं, पण समोरून बोललेलं. मागनं आलेलं काही तिला कळत नसे. घरात नानासो मागनं जायचा झाला तर आधी भांडं वाजवायचा, नाहीतर ती दचकायची. हे सगळं त्यानं जोतिबाला सांगितलं नाही. कराडच्या रस्त्यावर एकदा त्याच्या कळपात मालट्रक शिरला होता. मेंढरं रस्त्यावर पसरली तशीच राहिली होती, आणि त्याला त्या दिवसाचा फक्त आवाज आठवायचा. तोच आवाज आता कानात सुरू झाला.

"इश्वजितला लाव," जोतिबा म्हणाला.

विश्वजितचा फोन वाजत राहिला. जोतिबानं घड्याळात बघितलं आणि मान हलवली. चारचा सुमार म्हणजे भट्टीची वेळ. मूस भट्टीवर चढली, तिच्यात लोकांचं सोनं पडलं, की गलाईवाला दार आतून लावून घेतो. फोन बाहेरच्या खोलीत ठेवतो. सोनं ओतून होईपर्यंत ना कुणी आत, ना कुणी बाहेर. सख्खा बाप दारात आला तरी कडी निघत नाही. सोनाराचा विश्वास त्या कडीवर असतो. हे जोतिबानंच विश्वजितला शिकवलं होतं, पंधरा वर्षांचा होता तेव्हा.

त्यानं त्याच गल्लीतल्या इंद्रजितला फोन लावला. हा विट्याकडचा, त्याचीही भट्टी चार दुकानं सोडून. जोतिबानं त्याला दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाला, "जा आन दार बडीव. उघडलं न्हाई तर मोड." पलीकडनं तो काहीतरी म्हणाला असावा, कारण जोतिबाचा आवाज चढला. "मूस जळू दे. मी सांगतुय न्हवं, मी. आईचं नाव घे, उघडंल."

मग नानासोकडं वळून तो एकेक विचारू लागला. किती वाजता बसली होती? मधे गर्दी किती होती? थांबे नक्की पाच? नानासोला नीट काही सांगता येईना, पण तळं दिसतंय, मोकळं रान दिसतंय हे त्यानं सांगितलं तेव्हा जोतिबानं डोळे मिटले.

"तांबरमच्या पल्याड गेली, पार शहराभाईर," तो म्हणाला. "फास्ट लोकल घावली तिला. ती सगळीकडं थांबत न्हाई, पाच थांब्यांत पंधरा-ईस टेसनं मागं टाकती. वैनीला वाटतंय एक थांबा चालायचाय. तिला पाच कोस चालायचंय, नाना."

पाच कोस सुलाबाई चालली असती. त्यात काही नव्हतं. दवाखाना येईपर्यंत ती थांबणार नाही, हेच नानासोला भयंकर वाटलं. नातीचं दूध त्या डब्यावर होतं. अंधार पडला तरी ती चालत राहील, पाय सोलले तरी चालत राहील. आणि दर आठ-दहा मिनिटांनी एक गाडी.

तो बागेच्या कडेला मातीतच बसला आणि फोन लावत राहिला. लावायचा, वाजायचा, बंद व्हायचा. जोतिबा बांधावर येरझाऱ्या घालत कुणाकुणाशी तमिळमध्ये बोलत होता. त्यानं रेल्वेच्या मदतीच्या नंबरावर सांगितलं. तांबरमला त्याचा जुना घरमालक राहायचा, त्याच्या मुलाला सांगितलं. नानासोला एक अक्षर कळत नव्हतं. तो फक्त जोतिबाचं तोंड बघत होता. त्या भराभर चाललेल्या परक्या बोलण्यात मधेच 'सुलाबाई' एवढा एकच शब्द ओळखीचा यायचा. तिचं नाव तिकडं परक्या माणसांच्या तोंडी गेलं होतं. नऊवारी लुगडं, हातात डबा, असं ते एकमेकांना सांगत असतील. हरवलेल्या माणसाचं वर्णन असंच करतात. आणि सापडलेल्या प्रेताचंही.

इंद्रजितचा फोन आला. विश्वजितनं दार उघडलं होतं. सोनं मुशीत तसंच टाकून, अंगावरच्या जळक्या बनियनवरच तो स्टेशनकडं पळाला होता. आता इंद्रजित त्याच्या भट्टीपाशी थांबला होता.

नानासोनं परत फोन लावला. कितवा, देव जाणे. आणि या वेळी तो उचलला गेला.

"काय सारखं सारखं?" सुलाबाई वैतागून म्हणाली. तिला धाप लागली होती. "चालताना थरथर थरथर करतंय कमरंला. काढायचं म्हंजे डबा खाली ठेवा, पिशवी सोडा."

"आगं, कुटं हायस तू?"

"रुळावरच की. खडी लय हाय कडंला, पाय मुरगाळतुय. मधल्या फळ्या बऱ्या."

म्हणजे ती रुळांच्या मधनं चालत होती. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर पाय टाकत. नानासोनं तोंड उघडलं. बाजूला हो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तेवढ्यात फोनमध्ये लांबवर, अगदी बारीक, भोंगा वाजला.

"सुले, बाजूला हो. गाडी आली."

"आं? काय म्हंताय?"

"गाडी आली मागनं!"

"गाडी न्हाई काय न्हाई. मला काय ऐकाय येत न्हाई गाडीबिडी."

तेव्हा त्याला कळलं. फोन तिनं उजव्या कानाला लावला होता. तिचा तेवढाच एक कान जगाला उघडा होता, आणि त्या कानावर त्यानंच बूच बसवलं होतं. गेला पाऊण तास तो हेच करायला धडपडत होता. तिनं आधीच्या एखाद्या वेळी उचलला असता तर? आता उचललाच होता. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी जवळ, लांबलचक, न थांबणारा. नानासोला आटपाडीच्या माळावर बसून तो ऐकू येत होता आणि जिच्या पाठीशी वाजत होता तिला येत नव्हता.

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यावर आवाज चढवला नव्हता. तो उभा राहिला आणि मेंढरांवर लांडगा आल्यावर ओरडावं तसा, घसा फाटेस्तोवर ओरडला.

"फोन ठेव! काढ त्यो कानावरनं, बहिरे! फेक तिकडं!"

मग तिचा आवाज, पण लांबून, जणू तिनं फोन तोंडासमोर धरून त्याच्याकडं रोखून बघावं तसा:

"कुनावर वरडताय वो?"

आणि मग तो खडखडाट आला. सगळा फोन त्या खडखडाटानं भरून गेला. तो चालूच राहिला, डब्यामागून डबा, डब्यामागून डबा. मग फोन बंद झाला.

जोतिबा धावत आला होता. त्यानं नानासोचं तोंड बघितलं. स्वतःच्या फोनवर सुलाबाईचा नंबर दाबायला लागला. नानासोनं त्याचं मनगट धरलं. त्याच्या हातात एवढा जोर असेल असं जोतिबाला वाटलं नव्हतं.

"लावू नगंस."

"आरं बघाय नगं का..."

"लावू नगंस, जोतिबा. आसंल तर तिचा कान मोकळा ऱ्हाऊ दे."

जोतिबानं फोन खिशात घातला.

त्यापुढचा तास नानासोला कधी नीट सांगता आला नाही. नळीतून पाणी तसंच वाहत होतं, वाफ्यात तळं साठलं होतं, आणि दोघांपैकी एकालाही कॉक बंद करायचं सुचलं नाही. फोन त्याच्यापुढं मातीत पडला होता. त्याला हात लावायची भीती वाटत होती आणि त्यावरची नजर काढायचीही. तो वाजला नाही तोवर ती असेलही, नसेलही. वाजला की दोन्हींतलं एक कायमचं होणार. दोनदा त्याचा हात आपसूक पुढं गेला, दोनदा त्यानं तो दुसऱ्या हातानं मागं घेतला. कधीही न वापरलेला शब्द त्यानं तिला वापरला होता. बहिरे. तोच शेवटचा ठरला तर? ऊन कलंडलं. वस्तीवरची मेंढरं परतू लागली.

फोन वाजला तो जोतिबाचा. त्यानं कानाला लावला, ऐकलं, आणि बांधावर मटकन बसला. नानासोला वाटलं, झालं.

"सापडली," जोतिबा म्हणाला. त्याला खोकल्याची उबळ आली आणि पुढचं कितीतरी वेळ बोलता येईना.

हळूहळू सगळं कळलं. नानासो ओरडला तशी सुलाबाईला धक्का बसला होता. तिनं फोन कानावरून काढून समोर धरला, त्याच्याकडं डोळे वटारले, आणि त्याच क्षणी मोकळ्या झालेल्या कानात गाडी शिरली. ती बाजूला उडी मारून खडीवर पडली. गुडघे फुटले, डबा सुटला नाही. आणि मग ती तिथंच कुंपणाच्या भिंतीला टेकून बसली. घाबरून नव्हे, रागानं. नवरा आपल्यावर ओरडला, जनावरावर ओरडावं तसा ओरडला, आता एक पाऊल टाकणार नाही, असं ठरवून ती रुसून बसली. रुळांवर काम करणाऱ्या माणसांनी तिला उठवायचा प्रयत्न केला, ती उठली नाही. शेवटी त्यांनीच वर कळवलं. विश्वजित पोचला तेव्हा ती त्याला म्हणाली, तुझा बाप माझ्यावर वरडला.

थोड्या वेळानं विश्वजितनं नानासोला फोन लावला. त्याचा आवाज अजून कापत होता. आईला आता घरी नेतो, परवाच्या गाडीनं गावी पाठवतो, म्हणाला. उद्यापासून ती लोकलमध्ये पाय ठेवणार नाही. मागनं सुलाबाईचं बोलणं ऐकू येत होतं. मग दुपारचा डबा कोण देणार? तू भट्टी सोडून येणार रोज? डाक्टर काय म्हणला, आईच्या पोटात गेलं तर लेकराच्या तोंडात जाईल.

"आबा, तुमी सांगा तिला," तो म्हणाला. "तुमचं ऐकंल. आज ऐकलं."

नानासोनं सांगितलं असतं तर तिनं कदाचित खरंच ऐकलं असतं. आज त्याला ते पहिल्यांदाच शक्य वाटत होतं. ये घरी, एवढे दोन शब्द. ती इथं असती, भाकरी थापत, भांडं वाजवल्याशिवाय तिच्या मागनं कुणी जाणार नाही अशा घरात. तिकडं ओंजळीएवढी पोर पेटीत. तो खोलवर धास्तावलेला होता आणि ती धास्ती आता जाणार नाही हेही त्याला दिसत होतं.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. "गाडी कंची ते तू रोज दाखवून बसीव. आन तिला सांग..." त्यानं फोन जोतिबाकडं दिला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता नानासो जोतिबाच्या दारात जाऊन उभा राहिला. जोतिबा बाजेवर पडला होता. नानासोनं खिशातून फोन काढून त्याच्या उशापाशी ठेवला.

"साडेचारपातूर तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी मागितला तरी दिऊ नगंस."

एरवी या बोलण्यावर जोतिबानं अख्खं गाव हसवलं असतं. त्यानं फोन उचलून उशीखाली सारला आणि नानासोला बसायला बाजेवर जागा करून दिली. नानासो बसला. घड्याळाकडं पाठ करून बसला, पण टिकटिक ऐकू येतच होती.